अक्की-बेळेचं गाणं

मी एम.ए. होऊन दोन वर्षं झाली होती, तरी अण्णा मला 'बी.ए.' म्हणूनच हाक मारायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. त्यामुळे पदवीच्या बाबतीत मी थोडा हळवा होतो. एकदा धीर करून म्हणालो, "अण्णा, मी एम.ए. झालोय."

ते तराजूवरची नजर न काढता म्हणाले, "झाला असशील की. पर आधी काय झालास?"

"बी.ए."

"मग आम्ही तवापासनं वळखतोय म्हणायचं."

खरं तर तेव्हा आमची ओळख होऊन तीनच आठवडे झाले होते.

अण्णांचं लक्ष्मीपुरीत किराणा मालाचं दुकान होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यातलं एक चालायचं नाही, पण ते काढून ठेवलेलं मी कधी पाहिलं नाही. घरात कन्नड, दुकानात मराठी आणि चिडले की दोन्ही. वय पासष्टच्या पुढे. आणि हे अण्णा आमच्या सिनेमाचे संगीतकार होते.

सिनेमा म्हणजे फार मोठं काही नव्हतं. कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर बसणारा मित्र कोल्हापुरातलाच, तेव्हापासून लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. आठ वर्षं दुसऱ्यांच्या लग्नांत हिंडून त्याला वाटायला लागलं, की आपण एक प्रेमाची गोष्ट स्वतःच्या मनानं करावी. दुधाचा टँकर चालवणारा मुलगा आणि नर्सिंग शिकणारी मुलगी, एवढी ती गोष्ट. चार गाणी. कॅमेरा त्याचाच, दिग्दर्शकही तोच, हिरो त्याच्या तालमीतला. हिरॉईन गडहिंग्लजची, खरोखरच नर्सिंग शिकणारी. कॉलेजच्या काव्यस्पर्धेत मला बक्षीस मिळालं होतं हे त्याच्या लक्षात होतं, म्हणून गीतकार मी. अण्णा त्याच्या गल्लीतले. गणपतीच्या आरतीला पेटी धरायचे आणि त्याच त्याच आरतीला दर वर्षी नवी चाल लावायचे. लोक वैतागायचे, पण तिसऱ्या दिवसापासून सगळी गल्ली नव्या चालीत म्हणायची. माझ्या मित्रानं हे लहानपणापासून पाहिलं होतं.

अण्णांची पेटी दुकानात गल्ल्यापाशी, सोड्याच्या खोक्यावर ठेवलेली असायची. चाल लावायची ती तिथेच आणि तीही गिऱ्हाईक असताना. दुकान रिकामं असलं की पेटीला हात लावायचे नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मोकळ्या दुकानात पेटी वाजली, की बाजारात बोभाटा हुतो. धंदा बसला म्हणत्यात." त्यामुळे आमची गाणी फार तुकड्यातुकड्यांनी तयार झाली. एक ओळ वाजायची, मग कुणाला तरी पाव किलो तूरडाळ. पुढची ओळ वाजायची, मग साबण. आणि मधे डाळ बांधताना त्यांना जे सुचायचं ते आधीच्यापेक्षा चांगलं असायचं, हे मी बऱ्याचदा पाहिलं.

चाल चांगली झाली असं ते कधी म्हणायचे नाहीत. "वजनात हाय," एवढंच म्हणायचे. नाहीतर, "वजनाला कमी भरतीया." दिग्दर्शकानं एकदा विचारलं, "अण्णा, कुठं कमी?" तर म्हणाले, "ते कळलं असतं तर मीच भरलं नसतं का?"

रेकॉर्डिंग एका मंगल कार्यालयाच्या सामानाच्या खोलीत झालं. भिंतींना गाद्या उभ्या करून ठेवल्या होत्या. गायिका म्हणजे एका शाळेतल्या बाई, भजनात गाणाऱ्या. कानात ठेका देणारी टिकटिक वाजते, ती ऐकून दोन मिनिटांत अण्णांनी हेडफोन काढून ठेवले. "ही कुणाची टिकटिक? मला माझी हाय." एका गाण्यात मधेच बाहेरून रिक्षाचा हॉर्न आला. सगळे थांबले. अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सुरातच वाजलाय." तो हॉर्न आजही त्या गाण्यात आहे.

पण मला सांगायचं आहे ते चौथ्या गाण्याबद्दल.

अण्णांची एक पद्धत होती. चाल सुचली की ते ती नुसत्या लालला करून म्हणायचे नाहीत, शब्द घालूनच म्हणायचे. आणि ते शब्द कन्नड असायचे, समोर जो माल असेल त्याचे. अक्की म्हणजे तांदूळ, बेळे म्हणजे डाळ, बेल्ल म्हणजे गूळ. बेकू म्हणजे पाहिजे, बेड म्हणजे नको. चौथ्या गाण्याचं धृपद त्यांनी मला असं दिलं:

अक्की बेकू, बेळे बेकू, बेल्ल बेड री.

तांदूळ पाहिजे, डाळ पाहिजे, गूळ नको हो. पण ती चाल ऐकून दुकानात मीठ घ्यायला आलेली बाई पिशवी धरून उभीच राहिली. इतकी ती साधी आणि जीव लावणारी होती. मला तिथे मराठी शब्द बसवायचे होते, हिरॉईन पहिल्यांदा त्या मुलासोबत चालत निघते त्या प्रसंगाचे.

मी अकरा वेळा शब्द लिहून नेले. वाचनालयात बसून चांगली चांगली पुस्तकं समोर ठेवून लिहायचो. 'प्रणयधुंद सांजवेळी, स्पंदने अधीर ही' असं काहीतरी. अण्णांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला.

"बी.ए., स्पंदनं तुमच्या चंदगडला मिळत्यात?"

"म्हणजे?"

"सुट्टी मिळत्यात का पुड्यात?"

दुकानातले दोघे-तिघे हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं. शब्दांवर मी एवढी वर्षं मेहनत घेतली होती. घरच्यांनी काजूच्या बागेत राबून मला शिकवलं ते काय तांदूळ-डाळ लिहायला, असं मनात आलं. बारावा कागद लिहून मी खिशात ठेवला आणि अण्णांना दाखवलाच नाही. तीन दिवस गावी गेलो. त्यांनी गायिकेकडून अक्की-बेळेवरच चाल रेकॉर्ड करून ठेवली. शब्द आले की त्यावर गाऊन घ्यायचं असं ठरलं.

गाण्याचं शूटिंग पन्हाळ्यावर होतं. परवानगी एका दिवसाची होती. दुसऱ्या दिवशी हिरॉईन सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला बेळगावला जाणार होती. म्हणजे गाणं त्याच दिवशी व्हायला पाहिजे होतं, नाहीतर नाहीच. मी सकाळी चंदगडहून एसटीनं येऊन पोहोचलो तेव्हा तटावर कॅमेरा लागला होता. गायिका बाईही आल्या होत्या. शब्द मिळाले की तिथल्या तिथे त्या मोबाइलवर गाऊन देणार होत्या.

दिग्दर्शक म्हणाला, "आण भावा, शब्द."

कागद माझ्या खिशात होता. अण्णा एका दगडावर बसून केळं खात होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "झाले नाहीत."

"झाले न्हाईत म्हंजे? महिना झाला की लेका."

तेवढ्यात अण्णा केळ्याची साल कागदात गुंडाळत म्हणाले, "त्याला काय बोलतोस? चाल मी काल बदलली. जुन्या चालीवर त्यानं लिवलंतं, त्ये आता कसं बसंल? माझी चूक हाय."

चाल बदललेली नव्हती. ते मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, गायिका बाईंनाही माहीत होतं. दिग्दर्शकानं डोक्याला हात लावला. "अण्णा, आयत्या वेळेला? आता काय करायचं?"

"अक्की-बेळेवर कर. शब्द मागनं बसवू. ओठ हलल्याशी कारण."

आम्ही कुणीच सिनेमावाले नव्हतो, म्हणून हे आम्हाला पटलं. ओठ हलल्याशी कारण. सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. कागद तसाच खिशात राहिला.

हिरॉईनला कन्नड चांगलं येत होतं, हे आणखी अवघड झालं. ओळ सुरू झाली की तिला हसू फुटायचं. सात वेळा शॉट वाया गेला. "सर, डाळ पाहिजे म्हणताना चेहरा कसा करू?" असं ती दिग्दर्शकाला विचारायची आणि तो कॅमेऱ्याची काच पुसायला लागायचा. शेवटी अण्णा उठून तिच्याजवळ गेले.

"बाई, तुला आईनं दुकानात धाडलंय. तांदूळ आन, डाळ आन. गेलीस. आन् दुकानात त्यो हुबा हाय."

"कोण?"

"ज्याला बघायचंय त्यो. आता काय आनायचंय ते ध्यानात ऱ्हाईल का? म्हणून परत परत म्हणतीयास. इसरू नये म्हणून."

आठव्या वेळेला ती ओळ तिनं अशी म्हटली की हिरोसुद्धा पुढची पावलं टाकायला विसरला. तो शॉट ठेवला. अगदी जवळून घेतलेला, ओठ स्वच्छ दिसणारा. चेहरा उघडून नीट म्हण, असं तिला बजावलेलं होतं.

पंधरा दिवसांनी एडिटिंगच्या टेबलावर दिग्दर्शकानं आवाज बंद करून तो शॉट मला दाखवला तेव्हा आम्ही काय करून बसलो ते कळलं. ओठ काही नुसते हलत नव्हते. ते ठरावीक जागी मिटत होते. 'बेकू'च्या जागी 'साजणा' घातलं की मुलगी एक बोलतेय आणि ऐकू येतंय दुसरंच, असं आंधळ्यालाही दिसलं असतं. पुढची कडवी लांबून घेतली होती, तिथे चाललं असतं. पण धृपद चार वेळा यायचं आणि चारही वेळा जवळून.

"सोमवारपर्यंत बघतो," दिग्दर्शक म्हणाला. "न्हाईतर गाणं काढतो. नुसती पेटी ठेवतो मागं. अण्णांनी आयत्या वेळेला घोळ घातला, त्याला तू तरी काय करणार?"

खरं काय ते सांगायची ती वेळ होती. मी सांगितलं नाही.

दुकानात गेलो तर अण्णांना हे आधीच कळलं होतं. त्यांनी गल्ल्यावरची जागा मोकळी केली आणि तेरा सुपाऱ्या ओळीत मांडल्या. धृपदातली अक्षरं तेरा. मग एकेक सुपारी उचलून त्या जागी लोखंडी वजन ठेवलं. तिसऱ्या जागी, पाचव्या, सातव्या, नवव्या, अकराव्या.

"वजन हाय तिथं ओठ मिटाय पायजेत. प, ब, भ, म, काय बी चालंल. सुपारीला तू मोकळा."

मी वही काढली. तासभर बसलो. गिऱ्हाईकं येत होती, वजनं लागत होती. एका बाईला किलोभर साखर द्यायला त्यांनी सातव्या जागेवरचं वजन उचललं, साखर तोलली आणि पुन्हा बरोबर सातव्या जागी ठेवलं. माझ्या वहीत 'प्रीत', 'मीलन', 'बंध' असे शब्द जमले होते. एकही बसत नव्हता.

"बी.ए.," अण्णा पुडा बांधता बांधता म्हणाले, "तुझा बा तुझ्या आईला काय म्हणायचा?"

"काही नाही. बाबा फार बोलत नाहीत."

"लगीन झाल्यावर तर बोलला असंल की कायतरी."

मला आईनं सांगितलेलं आठवलं. लग्नानंतर दोघं बाजाराला चालत जायची. तिच्या डोक्यावर भाताचं बोचकं, त्यांच्या खांद्यावर काजूचं. चढ लागला की बाबा तिचं बोचकंही घ्यायचे, न बोलता. ती नको म्हणाली की म्हणायचे, "मैलभर." तेवढंच.

मी हे अण्णांना सांगितलं. त्यांनी बोट नवव्या जागेवरच्या वजनावर ठेवलं आणि हळूच दोनदा टिचकी मारली. मै. मग एक सुपारी सोडून अकराव्यावर. भ.

मैलभर.

पुढच्याला मग फार वेळ लागला नाही. तेराव्या सुपारीवर आमच्याकडचा आग्रहाचा 'की' आपोआप आला. मी लिहिलं:

तुझं पेलू, माझं पेलू, मैलभर की.

अण्णांनी एकदा पेटीवर म्हणून बघितलं. वजनांवरून बोट फिरवत गेले. प्रत्येक वजनापाशी ओठ मिटत होते. "पहिलं अक्षर?" मी विचारलं. "तिथं 'तु'ला ओठ थोडे गोळा होतात."

"पैल्या अक्षराला ती मान वळवतीया. बघितलंय मी." त्यांनी पेटी बंद केली. "वजनात हाय."

सोमवारी गायिका बाईंनी गायलं. दिग्दर्शकानं चारही वेळा आवाज लावून पाहिला आणि खुर्चीतून उठून मला मिठी मारली. अण्णांना नाही.

सिनेमा कोल्हापुरातल्या एका जुन्या थिएटरात लागला. पहिल्या खेळाला बहुतेक नातेवाईकच होते. माझे आई-बाबा सकाळच्या एसटीनं आले होते. बाबांनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं. सुरुवातीला दिग्दर्शकानं पडद्यासमोर उभं राहून सगळ्यांची ओळख करून दिली आणि चौथ्या गाण्याची गोष्ट रंगवून सांगितली. संगीतकारांनी आयत्या वेळेला चाल कशी बदलली, सगळं गाणं हातचं कसं जात होतं आणि या आमच्या एम.ए. झालेल्या मित्रानं शब्द बसवून ते कसं वाचवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत अण्णा बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते.

माइक माझ्या हातात आला. मी बाबांकडे पाहिलं. मनात आणलं असतं तर मला तसंच खाली बसता आलं असतं. ते पहिल्यांदाच माझ्यासाठी टाळ्या ऐकत होते. मी म्हणालो, "अण्णांनी चाल बदलली नव्हती. शब्द माझ्या खिशात होते. मला ते दाखवायची लाज वाटली. अण्णांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी आजपर्यंत गप्प बसलो. ओळसुद्धा त्यांनीच शोधायला लावली."

मग मागून आवाज आला, "बरं, आता पिक्चर लावा."

मध्यंतरात अण्णांनी मला चहाच्या टपरीपाशी गाठलं. "तुला कुणी विचारलंतं?"

"खरं ते सांगितलं, अण्णा."

"खरं मला ठावं हाय, तुला ठावं हाय. सगळ्या गावाला पुडी बांधून कशाला दिलास? आता त्यो तुला परत बोलवंल व्हय?"

बाबा शेजारीच उभे होते. एसटी स्टँडवर गाडी लागल्यावर म्हणाले, "बोललास ते बरं केलंस. पण एवढा उशीर का लावलास?" आईचं म्हणणं वेगळंच होतं. "गाणं बरं हाय. पण ती पोरगी पेलू पेलू म्हणते आणि हातात पर्सशिवाय काय न्हाय."

सिनेमा एक आठवडा चालला. गाणं मात्र राहिलं. लग्नाआधी जोडप्यांचे व्हिडिओ काढतात, त्यात आमचा दिग्दर्शक ते वाजवायला लागला आणि मग बाकीचेही. पन्हाळ्यावर त्या तटावरून आता दर आठवड्याला कुणी ना कुणी मैलभर चालत असतं.

अण्णांनी सांगितलं तसंच झालं. मला पुन्हा बोलावणं आलं नाही. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागलो. दीड वर्षानं दिग्दर्शक रस्त्यात भेटला. त्याचा दुसरा सिनेमा तयार होत होता, गाणी पुण्याच्या कुणाची तरी होती. मी विचारलं, "अण्णांना का नाही घेतलंस? त्यांचा दोष नव्हता, हे तर तुला कळलं होतं."

"कळलं म्हणूनच गेलतो की त्यांच्याकडं. तीनदा गेलतो. म्हटलं, चारी गाणी तुमची. तर म्हणाले, शब्द बी.ए.चे असतील तर बस, न्हाईतर साबण घेऊन जा." तो हसला. "भावा, राग मानू नको. तू लिहितोस चांगलं, पण महिना महिना लावतोस. मला तारखा असतात."

मी तिथून थेट लक्ष्मीपुरीत गेलो. दुकानात गर्दी होती. अण्णांनी मला पाहिलं आणि पोत्यावरची जागा दाखवली.

"तुम्ही सिनेमाला नाही का म्हणालात?"

"मी कुठं न्हाय म्हटलं? त्योच उठून गेला."

"अण्णा, तुमचं नुकसान झालं. माझ्यामुळे."

ते पुडा बांधत राहिले. दोरा गुंडाळला, गाठ मारली, दातानं तोडला. पुडा समोरच्या बाईला दिला.

"दुसरा कोन आनला, तर परत पैल्यापासनं त्याच्या आईबाची चवकशी आली," ते म्हणाले. "ह्या वयात कोन करतंय? बस."

मी बसलो. पुढच्या माणसाला अर्धा किलो शेंगदाणे हवे होते. ते देऊन झाल्यावर त्यांनी पेटी पुढे ओढली.